पोर्ट चामर्सची एक्स्प्रेसवे: एका कॅसेट लेबलचा हिशेब

१९८८ ते १९९३ अशी जेमतेम पाच वर्षं न्यूझीलंडमधल्या पोर्ट चामर्स या बंदरगावातून एक्स्प्रेसवे नावाचं रेकॉर्ड लेबल चाललं. ब्रूस रसेल या गिटारवादकाने ते सुरू केलं आणि त्यानेच ते बंद केलं. माल म्हणजे मुख्यतः कॅसेट, त्याही घरात, तालमीच्या खोलीत, साध्या यंत्रांवर रेकॉर्ड केलेल्या. जोडीला थोड्या सात इंची तबकड्या. गिऱ्हाईक बहुतेक टपालाने जोडलेलं. यातली एकही गोष्ट धंद्याच्या अंगाने आशादायक वाटत नाही. तरीही आज प्रायोगिक रॉक आणि नॉइझ, म्हणजे गोंगाटालाच संगीत मानणाऱ्या संगीताचा इतिहास सांगायला बसलं की एक्स्प्रेसवेला वगळून पुढे जाता येत नाही.

या लेबलच्या आवाजाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. खरखर, तुटका सूर, मागे कुठेतरी बुडालेला गाणाऱ्याचा आवाज. मला मात्र त्याचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आवाज त्या हिशेबाच्या जोरावरच टिकला. रसेलने लेबलचा आकार इतका आटोपशीर ठेवला की त्याला कुणाकडे पैसे मागायला जावं लागलं नाही. आणि ज्याचे पैसे लागले नाहीत, त्याची संगीतावर मर्जीही चालली नाही. हे कसं जमलं, कुठे जमलं नाही आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते बघू.

आधी काय होतं

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्च आणि डनीडिन ही दोन मोठी शहरं. १९८१ साली क्राइस्टचर्चमध्ये रॉजर शेफर्ड या रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाने फ्लाइंग नन हे लेबल काढलं. त्याच वर्षी डनीडिनच्या द क्लीन या बँडचं ‘टॅली हो’ हे सिंगल किरकोळ खर्चात रेकॉर्ड होऊन बाहेर पडलं आणि देशाच्या विक्रीयादीत १९व्या क्रमांकापर्यंत गेलं. मोठ्या स्टुडिओचं तोंडही न पाहता गाणं लोकांपर्यंत पोचतं, हे एकदा सिद्ध झाल्यावर डनीडिनच्या पोरांना थांबवणार कोण? ख्रिस नॉक्स आणि डग हूड या दोघांनी चार ट्रॅकच्या टेप मशीनवर एकामागून एक बँड रेकॉर्ड केले. १९८२ च्या ‘डनीडिन डबल’ या संचात द चिल्स, द व्हर्लेन्स, स्नीकी फीलिंग्ज आणि द स्टोन्स असे चार बँड एकत्र आले, आणि ‘डनीडिन साउंड’ हे बिरुद शहराला कायमचं चिकटलं.

दशक संपत आलं तेव्हा चित्र बदललं होतं. फ्लाइंग ननचा पसारा वाढला, कारभार ऑकलंडला गेला, मोठ्या कंपनीमार्फत वितरण सुरू झालं. मी यात फ्लाइंग ननला खलनायक ठरवणार नाही. बँड परदेश दौऱ्यावर पाठवायचे, तर पैसा लागतो. पैसा हवा, तर विकली जाईल अशी गाणी पुढे करावी लागतात. पण या वाढीत जे बँड गाण्याला चाल असावी की नसावी याचाच विचार करत होते, त्यांच्यासाठी जागा उरली नाही. रसेलचा स्वतःचा बँड द डेड सी हा त्यातलाच. मायकेल मॉर्ली आणि रसेल गिटारवर, आणि ड्रमवर व्हर्लेन्सचा रॉबी येट्स. त्यांचे सुरुवातीचे अल्बम फ्लाइंग ननने काढले होते, हेही नोंदवायला हवं. पण तिथे हे फार काळ चालणार नाही, हे उघड होतं.

दुसरी गोष्ट जास्त रोकडी आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. लोअर हटमधला ईएमआयचा तबकड्या छापायचा कारखाना १९८७ मध्ये बंद पडला. देशात तबकडी छापायची सोयच संपली. आता मास्टर टेप ऑस्ट्रेलियाला पाठवा, तिथे लॅकर, म्हणजे छपाईची मूळ चकती, कापून घ्या, साचे बनवा, निदान तीनेकशे प्रती छापा, भाडं भरून परत आणा, जकात भरा, आणि मग विकायला लागा. हा सगळा पैसा पहिली प्रत विकली जाण्याआधी खिशातून जातो. दीडशे श्रोते असलेल्या बँडला तीनशे प्रती म्हणजे घरात खोकी आणि डोक्यावर देणं.

कॅसेटचं गणित

कॅसेटचं तसं नाही. कोरी टेप घ्या, डेकला डेक जोडा, कव्हर झेरॉक्स करा. दहा लागल्या तर दहा बनवा. मागणी आली की आणखी दहा. न विकलेला माल नावाची गोष्टच उरत नाही, आणि ज्या अल्बमला वर्षाला तीन गिऱ्हाइकं येतात तोही यादीत राहू शकतो. छोट्या लेबलचा जीव घेते ती न विकलेल्या मालाची थप्पी. ती नसली की अपयशाची भीती निम्म्याने जाते, आणि ज्याला अपयशाची भीती नाही तो काहीही काढू शकतो.

याची दुसरी बाजू वेळेची. पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम खऱ्या गतीने उतरवायचा, तर एका डेकवर शंभर प्रतींना पंचाहत्तर तास लागतात. तीन डेक साखळीने जोडले तरी पंचवीस. दुप्पट गतीने डबिंग करता येतं, पण वरच्या पट्टीतले स्वर आणखी खरवडले जातात. थोडक्यात, भांडवलाची जागा माणसाच्या संध्याकाळी घेतात. एक्स्प्रेसवेच्या यशाबद्दल बोलताना हे विसरलं जातं की ते यश बिनपगारी मजुरीवर उभं होतं. टेप उलटायची, लेव्हल बघायची, कव्हर कापून घडी घालायची, पत्रांना उत्तरं लिहायची, पाकिटं घेऊन पोस्टात जायचं. रसेल आणि त्याच्या भोवतीच्या काही संगीतकारांनी हे केलं.

इथे आपल्याकडची आठवण येणं साहजिक आहे. त्याच दशकात भारतात कॅसेटने एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि महाराष्ट्रात भीमगीतं, लोकगीतं, शाहिरी हे सगळं चैत्यभूमीच्या, दीक्षाभूमीच्या बाहेरच्या स्टॉलवर कॅसेटच्या रूपात आलं. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना स्टुडिओच्या दारात उभं केलं नव्हतं, त्यांचा आवाज स्वस्त टेपमुळे घराघरात गेला. यंत्र तेच, गणित तेच. फरक असा की इथे न मोजलेला प्रचंड श्रोतृवर्ग आधीपासून वाट बघत होता, आणि पोर्ट चामर्सला जगभर विखुरलेल्या मूठभर माणसांना शोधून काढायचं होतं. कॅसेट ही दोन्ही कामं करू शकली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

यादीत काय होतं

पहिल्याच वर्षी ‘एक्स्प्रेसवे पाइल अप’ ही संकलनाची कॅसेट आली. हे डोकं लावून केलेलं काम होतं. एकेका बँडची वेगळी कॅसेट कुणी अनोळखी माणूस विकत घेईलच असं नाही, पण एका कॅसेटवर सगळी मंडळी भेटली तर त्यातला एखादा तरी आवडतो, आणि मग तो पुढची कॅसेट मागवतो. म्हणजे ही कॅसेट अल्बमही होती आणि कॅटलॉगही.

मंडळी एकमेकांत गुंतलेली होती. ॲलिस्टर गॅलब्रेथ आधी द रिप या बँडमध्ये होता. आता तो एकट्याने व्हायोलिन, गिटार आणि उलट्या फिरवलेल्या टेपवर मिनिट-दोन मिनिटांची गाणी करत होता. पीटर जेफ्रीज भाऊ ग्रॅमबरोबर धिस काइंड ऑफ पनिशमेंट चालवून दक्षिणेत आला होता; पियानो, ड्रम आणि रेकॉर्डिंग या तिन्हीत त्याचा हात बसलेला. गॅलब्रेथ, जेफ्रीज, रॉबी मुइर आणि डेव्हिड मिचेल मिळून प्लेगल ग्राइंड हा आणखी एक बँड. सँड्रा बेलची ‘ड्रीम्स ऑफ फॉलिंग’ १९९१ मध्ये इथूनच निघाली. क्राइस्टचर्चच्या व्हिक्टर डिमिसिच बँडचं जुनं, कुठेच न मिळणारं रेकॉर्डिंग कॅसेटवर आणून रसेलने आणखी एक काम केलं. आधीच्या पिढीतलं हरवू पाहणारं संगीत त्याने चालू यादीत ठेवलं. माझ्या लेखी हे नव्या बँडइतकंच मोलाचं. कारखान्याच्या तबकडीवर असं जुनं रेकॉर्डिंग कुणी काढलं नसतं, कारण त्याचा खर्च निघाला नसता.

आणि सात इंची तबकड्या? डेड सीची ‘द सन स्टॅब्ड’ १९८८ मध्येच आली. मला वाटतं, या तबकड्यांचा उपयोग विक्रीपेक्षा ओळखीसाठी जास्त झाला. परदेशी फॅन्झीनचा, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या छोट्या नियतकालिकाचा समीक्षक किंवा कॉलेज रेडिओवरचा निवेदक कॅसेट बाजूला सारतो, तबकडीवर सुई ठेवतो. त्यामुळे खर्च जिथे फळाला येईल तिथेच केला आणि बाकी सगळं टेपवर.

खरखर कुठून येते

लो-फाय, म्हणजे साध्या यंत्रांवरचं खरखरीत रेकॉर्डिंग, हा शब्द आता शैलीचं नाव झालाय. ॲपमध्ये बटण दाबलं की टेपची खरखर मिळते. म्हणून मूळ यंत्र जरा जवळून बघणं गरजेचं आहे.

कॅसेटची टेप फक्त ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या मंद गतीने सरकणारी. त्या रुंदीत दोन बाजू, प्रत्येक बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक, मध्ये कोरी जागा. एका ट्रॅकच्या वाट्याला सुमारे अर्धा-पाऊण मिलिमीटर येतं. इतक्या अरुंद पट्टीवरचे चुंबकीय कण मोजके, त्यामुळे सिग्नल आणि टेपचा स्वतःचा ‘स्स’ आवाज यांत अंतर कमी. टिॲकने १९७९ मध्ये आणलेल्या पोर्टास्टुडिओने हीच साधी कॅसेट दुप्पट गतीने फिरवून तिच्या पूर्ण रुंदीवर एकाच दिशेने चार ट्रॅक बसवले. घरबसल्या चार वेगवेगळे थर चढवायची सोय झाली.

पाचवा थर हवा असेल तर काय? तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा मोकळे करायचे. याला बाउन्स म्हणतात. प्रत्येक बाउन्सला आधीची खरखर नव्या खरखरीत मिळते, तार स्वर थोडे झिजतात, आणि मुख्य म्हणजे निर्णय पक्का होतो. व्हायोलिन मोठं झालं असेल तर आता ते मोठंच राहणार. चार ट्रॅकवर काम करणाऱ्याला प्रत्येक पायरीवर ठरवावंच लागतं. गॅलब्रेथच्या छोट्या गाण्यांत जो एक घट्टपणा आहे, फालतू काही नाही अशी जी जाणीव आहे, तिचं बरंचसं श्रेय मी या सक्तीला देतो.

डेड सीचं प्रकरण वेगळं. त्यांच्या संगीतात तिघे एका खोलीत जोरात वाजवतायत आणि यंत्र ते सोसतंय असं ऐकू येतं. लेव्हल फार वर गेली की टेपवरचे कण चुंबकत्वाने भरून जातात. त्यापलीकडे आवाज वाढत नाही, त्याचे उंचवटे गोल होतात, सगळं एकमेकांत दाटतं. साध्या टेपरेकॉर्डरमध्ये तर आपोआप लेव्हल सांभाळणारं सर्किट असतं. घरच्या टेपवर केलेलं बारशाचं रेकॉर्डिंग आठवा: बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या की छताच्या पंख्याची घरघर हळूहळू मोठी होत पुढे येते, आणि पुन्हा सूर लागला की मागे सरते. रॉक बँडचं असंच होतं. ड्रमचा ठोका पडला की गिटार दबते, ठोका विरला की गिटारचा फीडबॅक फुगून वर येतो. यंत्र जणू चौथा वादक होऊन मिश्रण हलवत राहतं. डेड सीने हे दोष म्हणून लपवलं नाही. तो ताल धरून त्यांनी वाजवलं. नंतरच्या ‘हार्श सेव्हन्टीज रिॲलिटी’ या १९९२ च्या दुहेरी अल्बमची एक अख्खी बाजू एकाच रचनेला दिलेली आहे. तिथवर पोचायचा आत्मविश्वास या पाच वर्षांतल्या टेपनी दिला, असं माझं मत आहे.

सगळंच संगीत धुरकट नव्हतं. जेफ्रीजची ‘द लास्ट ग्रेट चॅलेंज इन अ डल वर्ल्ड’ १९९० मध्ये एक्स्प्रेसवेची कॅसेट म्हणून आली. पियानो, खर्जातला गंभीर आवाज, मित्रांची गिटार, मध्येच यंत्रांचा आवाज. चार ट्रॅकवर किती नीटस, किती भारदस्त काम होऊ शकतं हे ज्याला ऐकायचं असेल त्याने इथून सुरुवात करावी. लो-फाय म्हणजे निष्काळजीपणा असं मानणाऱ्यांना हा अल्बम गप्प करतो.

टपालाने अमेरिका

पोर्ट चामर्स डनीडिनपासून दहा-बारा किलोमीटरवर. १८८२ मध्ये न्यूझीलंडमधून इंग्लंडला गोठवलेलं मांस घेऊन जाणारं पहिलं जहाज इथूनच सुटलं होतं. दूरच्या बाजारपेठेशी व्यवहार या गावाला नवा नव्हता. कॅसेटच्या पाकिटाचं वजन कमी, फुटायची भीती नाही.

त्या काळात अमेरिकेत फॅन्झीन, कॉलेज रेडिओ आणि टपालविक्री यांचं जाळं जोरात होतं. फोर्स्ड एक्स्पोजरसारख्या नियतकालिकांचे वाचक अनोळखी देशातलं विचित्र संगीत मागवायला तयार असत. फिलाडेल्फियाच्या सिल्टब्रीझ या लेबलने डेड सीच्या तबकड्या काढल्या. शिकागोच्या एजॅक्स या लेबलने जेफ्रीजचा अल्बम कॅसेटवरून तबकडी आणि सीडीवर नेला. ड्रॅग सिटी या आणखी एका अमेरिकन लेबलने एक्स्प्रेसवेची सिंगल्स ‘मेकिंग लूझर्स हॅपी’ या नावाने एकत्र केली. जेफ्रीज आणि रॉबी मुइर यांच्या सिंगलवरचं ‘द फेट ऑफ द ह्यूमन कार्बाइन’ हे गाणं तर कॅट पॉवर या अमेरिकन गायिकेने १९९६ च्या आपल्या अल्बममध्ये गायलं.

इथे या प्रकरणातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट. तबकडीची मोठी आवृत्ती छापण्याचा धोका एक्स्प्रेसवेने स्वतःकडे घेतलाच नाही. ज्यांच्याजवळ छापखाना जवळ आहे, गिऱ्हाईक जवळ आहे, त्यांच्याकडे तो सोपवला. कॅसेटने संगीताची परीक्षा घेतली, श्रोता आहे हे दाखवलं, आणि मग अमेरिकन लेबलने मोठी आवृत्ती काढली. उत्तर बेटावरच्या, ऑकलंडच्या ऑफिसातून परवानगी घ्यायची गरजच पडली नाही. डनीडिनचं काम थेट फिलाडेल्फियाला गेलं.

पण यातच कच्चा दुवाही आहे. अमेरिकन छोट्या लेबलांची भूक आहे तोवर ही वाट चालते. त्यांनी कुणाला उचलायचं हे शेवटी त्यांच्या आवडीवर ठरतं, आणि नॉइझकडे झुकलेली नावं पुढे गेली, तुलनेने शांत गाणारी मागे राहिली. सँड्रा बेलचं नाव आज किती जणांच्या तोंडी आहे? तिचा अल्बम डेड सीच्या कुठल्याही कॅसेटइतकाच धाडसी आहे, तरी तिला त्या प्रमाणात श्रोते मिळाले नाहीत. ही खंत मी लेबलवर ढकलत नाही. लेबलने तिला यादीत समान जागा दिली होती. पण बाहेरच्या बाजारावर विसंबलं की बाजाराची आवड आपल्या इतिहासातही शिरते, हे इथे स्पष्ट दिसतं.

बंद करायचा निर्णय

१९९३ मध्ये रसेलने एक्स्प्रेसवे थांबवली. कर्जाने बुडाली नव्हती, भांडणाने फुटली नव्हती. ज्या संगीतकारांसाठी ती उभी केली होती, त्यातल्या बहुतेकांना परदेशात लेबल मिळालं होतं. मधल्या माणसाची गरज संपली होती. नाव झालेलं लेबल वाढवायचं, नवे बँड घ्यायचे, ऑफिस थाटायचं, हा मोह किती मोठा असतो ते छोटी प्रकाशनं चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडची किती लघुनियतकालिकं बंद करायचा निर्णय न घेतल्यामुळे अंक लांबत लांबत विझली! त्या तुलनेत काम झालं म्हणून थांबणं मला फार मोठं वाटतं.

संगीतही लेबलबरोबर अडकून पडलं नाही. जेफ्रीजचा तो अल्बम २०१३ मध्ये डी स्टाइल या अमेरिकन लेबलने पुन्हा काढला. डेड सीचं सुरुवातीचं काम बा दा बिंग या लेबलकडून नव्या आवृत्त्यांत आलं. कॅसेटवर सुरू झालेलं संगीत पंचवीस वर्षांनी जड तबकड्यांवर विकलं जातंय, आणि ज्यांनी ते केलं ते हयात असताना विकलं जातंय, याचा आनंद आहे.

रसेल मात्र थांबला नव्हता. गॅलब्रेथबरोबर त्याचा ए हँडफुल ऑफ डस्ट हा मुक्त वादनाचा प्रकल्प चालू होता, आणि एक्स्प्रेसवेनंतर लगेच त्याने कॉर्पस हर्मेटिकम हे दुसरं लेबल काढलं. पहिल्या लेबलमध्ये गाणीही होती, या लेबलमध्ये गाणं जवळजवळ हद्दपार झालं. सगळा भर ऐन वेळी सुचणाऱ्या नॉइझवर. ‘व्हॉट इज फ्री?’ या नावाने त्याने मुक्त नॉइझचा जाहीरनामाही लिहिला.

हिशेब तोच राहिला, फक्त माध्यम वाढलं. दक्षिण बेटावरच्याच जेरल्डीन या गावात पीटर किंग पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक चकत्यांवर लेथने, म्हणजे चकती फिरवून तिच्यात खाच कापणाऱ्या यंत्राने, तबकड्या कापून देत असे. साचा नाही, छापखाना नाही. प्रत्येक प्रत संगीत वाजत असताना स्वतंत्र कापायची, कॅसेट उतरवावी तशी. आवाज कारखान्यात छापलेल्या तबकडीपेक्षा दबका, पण वीस-पंचवीस प्रतींचीही ऑर्डर चालायची. लोअर हटचा कारखाना बंद पडल्यावर न्यूझीलंडच्या प्रायोगिक संगीताला तबकडी परत मिळाली ती या मार्गाने, आणि कॉर्पस हर्मेटिकमच्या यादीत कॅसेट आणि सीडीच्या शेजारी या लेथवर कापलेल्या तबकड्याही आल्या.